हवाई छत्रीचे खांदपट्टे व हाताची पकड

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील हातांत एक कागद घेऊन मजकडे आले. मुलगा उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांत गेलेला आहे, आणि तेथें त्यास विमानांतून हवाई छत्रीच्या साहाय्यानें उडी घेण्याचा नाद लागला आहे. चाळीसएक उड्या झाल्या आहेत. कागदावर त्याचें पत्र होतें. त्यांत त्यानें लिहिलें होतें : “सर, माझ्या छत्रीचे पुढचे पट्टे ओढतांना हात फार दुखतात, आणि पट्टे ओढले कीं छत्री अडेल घोड्यासारखी उसळते. पट्ट्यांवर धरावयास पकड बसवून घ्यावी असें मनांत आहे. कोणी म्हणतात नवारीची कडी बरी, कोणी म्हणतात ठोकळा बरा. प्रेरणांचा समांतरभुज चौकोन तुम्हींच आम्हांला शिकविलात, तेव्हां निवाडाही तुम्हींच करावा.”

वडील म्हणाले, “मास्तर, तो काय विचारतो तें मला उमगत नाहीं. पण ज्या पट्ट्यानें त्याचा हात दुखतो तो पट्टा त्याला तारणारा कीं मारणारा, एवढें मला समजावून सांगा.”

मी स्वतः कधीं अशी उडी घेतलेली नाहीं. शाळेच्या गच्चीवरून खालीं पाहतांनासुद्धां मी कठडा घट्ट धरतों. तथापि पदार्थविज्ञान हें गच्चीवर व आकाशांत एकच असतें, म्हणून त्या पत्राचें उत्तर लिहिण्याचें मीं धाडस केलें. विद्यार्थिमित्रहो, तेंच उत्तर थोडें विस्तारून आज तुमच्यापुढें ठेवीत आहें. मुलांच्या धाडसांनीं ज्यांची झोंप उडते अशा पालकांनींही तें वाचावें.

प्रथम हे पट्टे कोणते तें पाहूं. नवारीचा पलंग तुमच्यापैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. सुती नवारीच्या जागीं नायलॉनची अत्यंत बळकट नवार घ्या. अशा नवारीचा अंगरखा उडी घेणाराच्या मांड्यांतून, छातीवरून व खांद्यांवरून बांधलेला असतो. प्रत्येक खांद्यापाशीं ह्या अंगरख्यास दोन दोन पट्टे जोडलेले असतात, एक पुढचा व एक मागचा. म्हणजे उजवीकडे दोन व डावीकडे दोन, मिळून चार. प्रत्येक पट्टा सुमारें वीतभराच्या दुपटीएवढा लांब असतो. त्याच्या वरच्या टोंकास एक लहान दुवा असतो, आणि त्या दुव्यापासून बारीक पण चिवट दोर वर छत्रीच्या कापडाकडे जातात. ह्या पट्ट्यांस इंग्रजींत रायझर म्हणतात. आपण ह्या लेखापुरतें त्यांस खांदपट्टे म्हणूं. छत्री व मनुष्य ह्यांना जोडणारें दुसरें कांहींही नाहीं. सगळा माणूस ह्या चार नवारींवर टांगलेला असतो.

माणसास ह्या पट्ट्यांना हात घालण्याची बुद्धि कशी झाली, ह्याचा इतिहास मनोरंजक आहे. इ. स. १७९७ च्या ऑक्टोबरच्या २२ तारखेस आंद्रे-जाक गार्नेरँ नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें पॅरिस येथें फुग्यांतून कापडी छत्रीच्या आधारें उडी घेतली. तो जिवंत उतरला, परंतु उतरतांना त्याच्या टोपलीस घड्याळाच्या लंबकासारखे भयंकर हेलकावे बसले. कारण छत्रीखालीं कोंडलेली हवा कधीं ह्या कडेनें तर कधीं त्या कडेनें बाहेर निसटत होती. पुढें छत्रीच्या माथ्यावर भोंक ठेवण्याची युक्ति निघाली व हेलकावे कमी झाले. पण दिशा देणें म्हणून जें आहे तें त्या छत्रीस ठाऊक नव्हतें. वारा नेईल तिकडे जावयाचें.

सैन्यांत गोल छत्र्यांचा वापर सुरू झाला तेव्हां शिपायास थोडीशी सत्ता देणें अवश्य झालें. झाडावर, पाण्यांत किंवा सोबत्याच्या अंगावर उतरूं नये एवढी तरी. ही सत्ता खांदपट्ट्यांतूनच मिळाली. पुढचे दोन पट्टे छातीपर्यंत ओढले, कीं छत्रीची पुढची कड खालीं येते, मागची उचलली जाते, तिच्याखालून हवा निसटते व छत्री पुढें सरकते. मागचे ओढले तर मागें. हें सरकणें थोडेंच असतें व तेवढ्यासाठीं श्रम फार पडतात, परंतु जमीन जवळ येत असतां वाऱ्याचा लोट थोपविण्यास तें उपयोगी पडतें. आमच्या महाराष्ट्राचा ह्या विद्येशीं संबंध आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण पुढें पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, आणि इ. स. १९७१ च्या डिसेंबरच्या ११ तारखेस बांगला देशांत टांगाइलपाशीं हीच पलटण छत्र्यांनीं उतरली. त्या संध्याकाळीं त्या जवानांच्या हातीं नवारीचे पट्टेच होते. त्यांवर कडी नव्हती कीं ठोकळा नव्हता. नुसती मूठ व दंडाचा जोर.

आतां आमच्या विद्यार्थ्याची छत्री गोल नाहीं. डॉमिना जाल्बर्ट नांवाचे एक कारागीर पतंग व फुगे करण्यांत निष्णात होते. कापडाचे दोन थर, त्यांमध्यें उभे पडदे, पुढचें तोंड उघडें, अशी रचना त्यांनीं बसविली. पुढून शिरलेली हवा आंत कोंडून कापड ताठ होतें आणि त्याला पक्ष्याच्या पंखाचा आकार येतो. ह्या शोधाचें पेटंट त्यांस इ. स. १९६६ मध्यें मिळालें. आज खेळासाठीं जे उड्या घेतात ते जवळजवळ सर्व ह्या कापडी पंखाखालींच उतरतात. पुण्याच्या शीतल महाजन ह्यांनीं इ. स. २००४ मध्यें उत्तर ध्रुवावर उडी घेतली व इ. स. २०१८ मध्यें थायलंडांत नऊवारी नेसून उडी घेतली, हें तुम्हीं वाचलें असेल. त्यांच्या पोशाखाचें वर्णन पुष्कळांनीं केलें, पण पंखाचें कोणी केलें नाहीं, हें मला त्या वेळीं खटकलें होतें.

हा पंख खालीं येतां येतां पुढेंही जातो. त्याच्या मागच्या कडेस दोन दोर बांधलेले असतात. ते मागच्या खांदपट्ट्यांवरील कड्यांतून खालीं येतात व त्यांच्या टोंकास हातांत धरावयाच्या दोन मुठी असतात. उजवी ओढली कीं पंखाची मागची उजवी कड खालीं वळते, तिकडे हवेचा अडथळा होतो व पंख उजवीकडे वळतो. दोन्ही ओढल्या कीं वेग मंदावतो, आणि अगदीं जमिनीशीं दोन्ही पूर्ण ओढल्या कीं मनुष्य पायरी उतरावी तसा उतरतो. ह्या झाल्या सुकाणूच्या मुठी. एवढ्या मोठ्या तारवाला लहानसें सुकाणू फिरवितें असा दृष्टांत याकोबाच्या पत्रांत आहे, तो ह्या मुठींस तंतोतंत लागू पडतो. नवशिक्यानें सर्व उतरणें ह्यांच्यावरच शिकावयाचें असतें.

मग पुढचे खांदपट्टे ओढावयाचे कशासाठीं? पतंग उडविणाऱ्या मुलांस हें चट्कन समजेल. पतंगाच्या पोटाशीं वर एक व खालीं एक असा दोरा बांधून मध्यें गांठ मारतात. वरचा दोरा आंखूड केला कीं पतंगाचें डोकें वाऱ्यावर झुकतें. खालचा आंखूड केला कीं पतंग छाती काढून वारा अंगावर घेतो. कापडी पंखाच्या पुढच्या दोरांच्या रांगा पुढच्या खांदपट्ट्यांस व मागच्या रांगा मागच्या खांदपट्ट्यांस जोडलेल्या असतात. म्हणून पुढचे पट्टे ओढले कीं पंखाचें नाक खालीं झुकतें, उतरण तीव्र होते व वेग वाढतो. वारा जोराचा असून आपण मागें ढकलले जात असलों, किंवा उंची लवकर सोडावयाची असली, तर हें उपयोगी आहे. एकच पुढचा पट्टा ओढला तर पंख त्या बाजूस झपाट्यानें वळतो व वळतां वळतां खालीं सूर मारतो. मागचे पट्टे थोडे ओढले तर उलट उतरण कांहींशी सपाट होते. पण अंमळ अधिक ओढले तर पंखावरील हवेचा प्रवाह तुटतो, आणि आतांपर्यंत पंख असलेलें कापड एकाएकीं चिंधी होतें. सुकाणूच्या मुठी अति ओढल्या तर पंख आधीं मंदावून, लोळागोळा होऊन सूचना देतो. मागच्या पट्ट्यांचें तसें नाहीं, तेथें सूचना फारशी मिळत नाहीं.

आतां हाताच्या दुखण्याकडे वळूं. आमचा विद्यार्थी सामानासह सुमारें १८० पौंड भरतो व त्याचा पंख २१० चौरस फुटांचा आहे. म्हणजे दर चौरस फुटास एक पौंडाहूनही कमी भार. चार पट्ट्यांवर हे १८० पौंड सारखे वांटले गेले असते तर प्रत्येकीं ४५ पौंड, म्हणजे सुमारें वीस किलो. पण पंख आपला बराचसा आधार पुढच्या भागांतून देतो, म्हणून पुढच्या पट्ट्यांवर भार ह्याहून अधिक व मागच्यांवर कमी असतो. ह्या ठिकाणीं एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. हातानें पट्टा वरून धरून खालीं ओढला कीं हाताच्या खालचा त्याचा भाग सैल पडतो. सैल नवार भार वाहत नाहीं. म्हणजे तोंपर्यंत जो भार नवारीनें खांद्याला दिला होता, तो सबंध आतां तुमच्या बोटांतून, मनगटांतून व दंडांतून जात आहे! दोन्ही पुढचे पट्टे ओढून धरणें म्हणजे अर्ध्याहून अधिक शरीर हातांवर तोलून धरणें होय. ज्यांनीं दोरीच्या मल्लखांबावर क्षणभर लोंबकळून पाहिलें आहे त्यांस ह्याची कल्पना येईल. त्यांतून वळण घेतलें तर केंद्रोत्सारी प्रेरणेमुळें भार आणखी वाढतो. पंख साठ अंशांनीं कलून उंची न सोडतां वळत असेल तर तो दुप्पट होतो. कोसाइन शिकलेल्या मुलांनीं गणित करून पाहावें.

हात नुसत्या भारानेंच दुखत नाहीं, धरण्याच्या रीतीनेंही दुखतो. हें दाखविण्यासाठीं मीं नववीच्या वर्गांत एक साधा प्रयोग केला. व्यायामशाळेंतील आडव्या बारावरून एक गुळगुळीत नायलॉनची नवार टाकली, एका टोंकास वाळूचें पोतें बांधलें, व दुसरें टोंक मुलांनीं ओढून धरावें असें सांगितलें. प्रथम नुसती नवार. सपाट व निसरडी पट्टी मुठींत टिकावी म्हणून मुलें ती जिवाच्या आकांतानें आंवळीत. थोड्याच वेळांत पोटरीसारखा हाताचा पुढचा भाग ताठरे व नवार बोटांमधून सरके. नंतर त्याच नवारीची लहानशी कडी करून ती नवारीवर शिवली. आतां आंवळण्याचें कारण उरलें नाहीं. बोटें आंकड्यासारखीं कडींत अडकवावयाचीं आणि हात सरळ ठेवावयाचा. मुंबईच्या लोकलमध्यें वरच्या दांड्याला लोंबणारी कडी धरून जे उभे राहतात त्यांस हें सुख ठाऊक आहे. तिसऱ्या खेपेस कडी काढून मुठीच्या खालीं येईल असा झाडूच्या दांड्याचा एक तुकडा आडवा बांधला. मूठ त्यावर टेकली, घसरणें थांबलें, पण लाकडाची कड करंगळीच्या बाजूस रुतूं लागली. तिघां मुलांनीं कडीस मत दिलें, एकानें ठोकळ्यास. तो म्हणाला, “सर, ठोकळा नुसती मूठ उघडली कीं सुटतो. कडींतून बोटें काढावीं लागतात.” त्या मुलास मीं शाबासकी दिली. सगळ्या प्रश्नाची किल्ली त्याच्या त्या वाक्यांत आहे.

कारण आकाशांत पकड जितकी धरतां आली पाहिजे तितकीच सोडतांही आली पाहिजे. दोन प्रसंग कल्पनेपुढें आणा. पहिला, छत्री गुरफटून उघडली. अशा वेळीं मुख्य छत्री टाकून देऊन राखीव छत्री उघडावी लागते. खांद्यापाशीं तीन कड्यांची एक चतुर जोडणी असते. बिल बूथ नांवाच्या अमेरिकन संशोधकानें ती इ. स. १९७० नंतरच्या दशकांत तयार केली. एक मूठ खेंचतांच ती सुटते आणि चारी खांदपट्टे निघून जातात. त्या क्षणीं हात पुढच्या पट्ट्याच्या कडींत मनगटापर्यंत गुंतलेला असला तर काय होईल तें सांगावयास नको. दुसरा, जमीन जवळ आली आहे, समोर अचानक दुसरा मनुष्य आला. हात तत्काळ पट्ट्यावरून सुटून सुकाणूवर आले पाहिजेत. म्हणून जाणते लोक पुढचे पट्टे ओढतांना सुकाणूच्या मुठी हातांतून कधींच सोडीत नाहींत. मुठी तळहातांत ठेवून दोन-तीन बोटेंच कडींत अडकवितात.

ह्यावरून कडी केवढी असावी हें आपोआप ठरतें. हातमोजासह दोन-तीन बोटें सहज जावींत, सबंध हात जाऊं नये. हातमोज्याचा विचार मुद्दाम करावा. सामान्यतः दर हजार मीटर उंचीस सुमारें साडेसहा अंश उष्णता कमी होते. चार हजार मीटरांवरून उडी घेणाऱ्याची बोटें छत्री उघडेपर्यंत गारठलेलीं असतात, आणि जाड मोजा घालून शिशिरांत तीच कडी अपुरी पडते. मऊ कडी पट्ट्याला चिकटून चपटी पडली तर ती बोटांनीं शोधावी लागते. म्हणून कांहीं कारागीर तींत ताठ नळी घालतात किंवा दुहेरी नवार शिवतात, ज्यायोगें ती उघडी राहते. उघडी राहणारी कडी धरावयास सोपी खरी, पण दोर किंवा दुसरें कांहीं तींत अडकावयासही तितकीच सोपी. ठोकळ्याचेंही तसेंच. छत्री उघडतांना दोर व पट्टे पाठीवरील पेटीमधून वाऱ्याच्या वेगानें बाहेर येतात, आणि ज्यावर उंचवटा आहे त्यावर दोर अडण्याचा संभव असतो. शिवाय दोरांवरून खालीं घसरत येणारा, चार कोपऱ्यांस चार कड्या असलेला एक कापडी चौकोन असतो. छत्री एकदम न उघडतां हळूहळू उघडावी हें त्याचें काम. तो पट्ट्यांवरून आणखी खालीं ओढून घेण्याची कित्येकांस संवय असते. त्यांच्या वाटेंत ठोकळा हटकून आडवा येतो, कडीही कधींमधीं येते.

उंचीही महत्त्वाची. पकड दुव्याच्या लगत, पट्ट्याच्या वरच्या टोंकाशीं असली तर हात पुरा वर जातो व ओढावयास लांब अंतर मिळतें. पण ज्याचे हात आंखूड आहेत त्यास ती गांठण्यासाठीं खांदे उचलावे लागतात. ह्यासाठीं नियम नाहीं. अंगरखा अंगावर चढवून, जमिनीवर टांगून घेऊन, डोळे मिटून हात वर नेला असतां बोटें जेथें आपोआप पोंचतील तेथें पकड असावी. शिवण कोणी करावी हें वेगळें सांगत नाहीं. तो परवानाधारक कारागिराचाच प्रांत आहे. घरच्या यंत्रावर घातलेली टीप येथें चालत नाहीं, कारण भार शंभर पौंडांवर केव्हां जाईल ह्याचा नेम नाहीं.

मागच्या पट्ट्यांस पकड बसवावी काय? माझें मत, नाहीं. तेथें आधींच सुकाणूच्या मुठी खोंचलेल्या असतात, त्यांच्या शेजारीं दुसरें कांहीं हाताला लागूं नये. मागचे पट्टे वरच्या टोंकाशीं बोटांनीं धरून दोन-चार इंच ओढले तरी पुरे होतात, भारही तेथें कमी. छत्री उघडतांच समोरून दुसरा कोणी येत असला, तर मुठी सोडविण्यापूर्वीं मागचा पट्टा ओढून बाजूस होतां येतें. हा त्यांचा मोठा उपयोग. सुकाणूचा दोर तुटला तर त्यांवरच उतरावें लागतें, म्हणून शिक्षकाच्या देखरेखीखालीं, पुष्कळ उंचीवर, त्यांचा सराव करून कोठें पंख तुटतो तें आधीं पाहून ठेवावें.

येथपर्यंत पकडीच्या गुणदोषांचा विचार झाला. परंतु वडिलांचा प्रश्न अजून शिल्लकच आहे. त्यांना मीं सांगितलें तें असें : अलीकडे ह्या खेळांत जे प्राणघातक अपघात होतात त्यांतील मोठा वांटा छत्री न उघडल्याचा नसतो. छत्री सुरेख उघडलेली असते. मनुष्य जमिनीजवळ येऊन तीव्र वळण घेतो, पंख सूर मारतो, आणि सूर पुरा होऊन पंख पुन्हां सरळ होण्यापूर्वींच जमीन येते. पुढचा एक पट्टा ओढून घेतलेलें वळण शेंकडों फूट उंची गिळूं शकतें. अमेरिकेंतील छत्रीवाल्यांच्या संघटनेचा पहिला परवाना पंचवीस उड्यांनंतर मिळतो, व अशा नव्या माणसानें तीन हजार फुटांच्या खालीं छत्री उघडूं नये असा नियम आहे. सेकंदास पंधरा फूट उतरण धरली तर तीन हजार फुटांस दोनशें सेकंद मिळतात. पुढच्या पट्ट्यांचा सगळा अभ्यास त्यांतल्या पहिल्या शंभर सेकंदांत व्हावा. नंतरच्या शंभरांत हात सुकाणूवरच पाहिजेत. मोठ्या पंखाचा पुढचा पट्टा नवशिक्यास जड लागतो हें माझ्या मतें त्याच्या हिताचें आहे. दुखणारा हात त्याला वारंवार सूर मारूं देत नाहीं. सोपी पकड बसविली कीं हा पहारा उठला. म्हणून चाळीस उड्यांच्या मुलानें पकड निवडण्याची घाई करूं नये.

वडिलांना हें पटलें, पण त्यांचें समाधान झालेलें दिसेना. माझेंही झालें नव्हतें. पत्रांतील एक वाक्य मला सारखें टोंचत होतें : “छत्री अडेल घोड्यासारखी उसळते.” नुसत्या जड पट्ट्यानें छत्री कां उसळावी? मीं फळ्यावर आकृति काढली. पंख, पुढचा पट्टा, मागचा पट्टा, मागच्या कडेपासून हातापर्यंत येणारा सुकाणूचा दोर. मुलगा नियमाप्रमाणें मुठी हातांत ठेवूनच पुढचा पट्टा ओढीत होता. हात अर्धा फूट खालीं आला कीं मूठही अर्धा फूट खालीं येणार. सुकाणूच्या दोरास पुरेशी ढील असेल तर कांहीं बिघडत नाहीं. नसेल तर त्याच हातानें तो नकळत मागची कडही ओढीत आहे! एका हातानें टांच मारावयाची आणि त्याच हातानें लगाम खेंचावयाचा, मग घोडा उसळेल नाहीं तर काय करील? बिचाऱ्या पंखाचा कांहीं दोष नव्हता.

मीं त्यास लिहिलें कीं, कडी व ठोकळा बाजूस ठेव. पुढल्या उडींत उंचावर असतां शिक्षकाच्या अनुज्ञेनें दोन्ही पुढचे पट्टे थोडे ओढ, आणि वर मान करून पंखाच्या मागच्या कडेकडे पाहा. ती सरळ असली तर माझें अनुमान चुकलें. ती खालीं मुरडलेली दिसली तर कारागिराकडून सुकाणूचे दोर मापून घे.

तीन आठवड्यांनीं उत्तर आलें. वडीलच तें घेऊन आले. कड मुरडलेली होती. छत्री त्यानें दुसऱ्याकडून जुनी विकत घेतली होती, आणि सुकाणूचे दोर वापरानें आंखूड झाले होते. घसरणाऱ्या कड्यांच्या घर्षणानें ते तापतात व आंखडतात असें तेथील कारागिरानें त्यास सांगितलें. नवे दोर योग्य मापाचे घातल्यावर उसळणें थांबलें. हात अजून दुखतात, पण पूर्वींइतके नाहींत. पट्ट्यांवर कांहींएक न बसवितां शंभर उड्या पुऱ्या करावयाच्या व मग शिक्षकास विचारून नवारीची मऊ कडी शिवून घ्यावयाची, असें त्यानें ठरविलें आहे.

पत्र वाचून झाल्यावर वडिलांनीं विचारलें, “मास्तर, दोर किती आंखूड झाला होता?” मीं पत्रांत पाहून सांगितलें, “पांच इंच.” त्यांनीं माझ्या टेबलावरची पट्टी उचलली, पांच इंचांवर आंगठा ठेवला, आणि बराच वेळ तेवढ्या लांकडाकडे पाहत बसले.